शुक्लाजी, पण कोणते?

 रायपुरात नुसतं 'शुक्लाजी' म्हटलं तर कोणाविषयी बोलणं चाललंय हे कळायला मार्ग नाही. म्हणून छत्तीसगडी माणसाने त्यावर आपला उपाय शोधला. राजकारणातल्या दोन शुक्ल बंधूंना त्याने आडनावाने हाक मारलीच नाही. एक 'श्यामा भैया', दुसरे 'विद्या भैया'.

त्यांचे वडील पंडित रविशंकर शुक्ल. विदर्भातल्या जुन्या पिढीला हे नाव परकं नाही. 1877 मध्ये सागरला जन्मलेल्या या माणसाने रायपुरात वकिली केली, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगला आणि 1946 पासून पुढची दहा वर्षं नागपुरात बसून मध्य प्रांत व वऱ्हाडचा, म्हणजे पुढच्या मध्य प्रदेशचा, कारभार पाहिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली. नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्रीही तेच झाले; पण दोनच महिन्यांत, 31 डिसेंबरला, त्यांचं निधन झालं. रायपूरच्या विद्यापीठाला आणि धमतरीजवळ महानदीवर बांधलेल्या गंगरेल धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे.

थोरले श्यामाचरण मध्य प्रदेशचे तीनदा मुख्यमंत्री झाले. धाकटे विद्याचरण 1957 मध्ये तिशी गाठण्याआधीच लोकसभेत पोचले आणि आणीबाणीत माहिती व नभोवाणी मंत्री झाले. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती आणि किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली, तो हाच काळ. तो डाग त्यांच्या नावावर कायमचा राहिला. 25 मे 2013 रोजी बस्तरच्या झीरम घाटीत काँग्रेसच्या ताफ्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. त्यात ते जबर जखमी झाले आणि 11 जूनला गेले.

रायपुरातच आणखी एक शुक्ल राहत होते. त्यांचा या घराण्याशी संबंध नव्हता आणि सत्तेशीही नव्हता. विनोदकुमार शुक्ल (1937–2025) जन्माने राजनांदगावचे. कृषिशास्त्र शिकले आणि रायपूरच्या कृषी महाविद्यालयात तेच शिकवत राहिले. 1979 मध्ये त्यांची 'नौकर की कमीज' ही कादंबरी आली. एका साध्या कारकुनाच्या आयुष्यात साहेबाच्या घरचा सदरा कसा शिरतो, एवढ्यावर ती उभी आहे. मणी कौल यांनी तिच्यावर चित्रपट केला. 'दीवार में एक खिड़की रहती थी'ला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि 2024 साठीचा ज्ञानपीठ त्यांना जाहीर झाला तेव्हा छत्तीसगडला तो सन्मान पहिल्यांदा मिळाला.

विनोदकुमारांच्या घडणीत एक मराठी धागा आहे. राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांच्या तरुणपणी गजानन माधव मुक्तिबोध शिकवत. मराठी घरातला हा माणूस हिंदीतला मोठा कवी झाला आणि विनोदकुमारांच्या सुरुवातीच्या कविता त्यानेच पारखल्या. मुक्तिबोधांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहिते झाले. कवी, समीक्षक म्हणून नावाजले गेले. मुक्तिबोध हे आडनाव इतकं विरळ की हिंदीत किंवा मराठीत ते दिसलं की नातं विचारावं लागत नाही. शुक्लांचं नेमकं उलट.

याचं कारण गुंतागुंतीचं नाही. कान्यकुब्ज आणि सरयूपारीण ब्राह्मणांमध्ये शुक्ल हे आडनाव उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशात सर्वदूर आहे. ते एका घराचं नाही, एका मोठ्या समाजाचं आहे. त्यामुळे ज्ञानपीठ मिळवणारे 'राग दरबारी'कार श्रीलाल शुक्लही शुक्लच, आणि गांधीजींना 1917 मध्ये चंपारणला नेणारे शेतकरी राजकुमार शुक्लही. जून 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचलेले लखनौचे शुभांशु शुक्ला आहेत, आणि जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्राच्या पोलिस महासंचालकपदी आलेल्या पहिल्या महिला अधिकारी रश्मी शुक्ला. यांना एका वंशावळीत बसवायचा प्रयत्न केला तर हाती काही लागणार नाही.

तरी तसा प्रयत्न सतत होतो, आणि त्यात नुकसान अबोल माणसाचं होतं. घराण्याचं नाव मोठं असलं की त्याच आडनावाचा लेखक 'त्यांच्यातलाच' समजला जातो. त्याने पन्नास वर्षं एकट्याने केलेलं काम कुणाच्या तरी पुण्याईत जमा होतं. विनोदकुमारांना त्यांच्या पुस्तकांनीच ओळखायला हवं.

मराठी वाचकाला हा घोटाळा अगदी पूर्ण नावापर्यंत ठाऊक असावा. शरद जोशी म्हटलं की महाराष्ट्राला शेतकरी संघटना आठवते. हिंदी मुलखात त्याच नावाने उज्जैनमध्ये जन्मलेले व्यंगलेखक आठवतात. दोघे समकालीन, दोघांचे वाचक आणि अनुयायी वेगळे.

रायपुरात सध्या ज्या शुक्लांमुळे गैरसमज होऊ शकतो, ते राजीव शुक्ला. पत्रकारितेतून आलेले, क्रिकेट मंडळाचे पदाधिकारी, 2022 पासून छत्तीसगडचे राज्यसभा खासदार. मूळचे कानपूरचे. त्याआधी 2006 ते 2018 ते राज्यसभेत महाराष्ट्राचेच प्रतिनिधी होते.