शाळा व्यवस्थापन समिती : सभासदांनी जाणून घ्यावे असे काही



लागण, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते हे आमचे नेहमीचे विषय. या खेपेस थोडे बांधाबाहेरचे लिहीत आहोत. गटातून फिरताना गावच्या शाळेची गाऱ्हाणी आमच्या कानावर येतात. गुरुजी कमी आहेत, पाण्याची टाकी गळते, पोषण आहाराची खिचडी कच्ची राहते. "शाळेची समिती आहे ना तुमच्यात?" असे विचारले, की "असंल की, सह्या घेऊन जात्यात" असे उत्तर मिळते. म्हणून ही समिती म्हणजे काय, ते समजावून सांगत आहोत.

समिती आली कोठून?

पश्चिम महाराष्ट्रात पूर्वी प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे होत्या. सन १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि हा कारभार त्यांच्याकडे आला. पुढे गावोगाव ग्रामशिक्षण समित्याही झाल्या. परंतु पालकांना कायद्याने जागा मिळाली ती बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क कायद्याने. हा कायदा २००९ सालचा असून १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या व अनुदानित शाळेत ही समिती असलीच पाहिजे.

रचना आणि कामे

समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, आणि मुख्याध्यापक सचिव. बैठक दरमहा, आणि मुदत दोन वर्षांची. थोडक्यात, कारखान्यात जसे सभासद मालक, तसे येथे पालक. मात्र वार्षिक सभेला न येणारा सभासद आणि बैठकीला न जाणारा पालक, दोघांचीही मालकी कागदावरच राहते!

कामे मुख्यतः तीन. शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळा विकास आराखडा करणे आणि आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे. देखरेखीत शिक्षकांची हजेरी आली, मुलांची गळती आली आणि पोषण आहारही आला.

एक फरक ध्यानात ठेवावा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी अनुदानित शाळांत व अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिती फक्त सल्लागार आहे. तेथे तिला सल्ला देता येतो, हुकूम चालत नाही. तरीसुद्धा प्रोसिडिंग बुकात लिहिलेला सल्ला पारावरच्या गप्पांपेक्षा वजनदार असतो. संस्थाचालकांना त्याचे उत्तर द्यावे लागेल अशा रीतीने तो नेमका व लेखी द्यावा.

आराखडा हीच खरी मशागत

आराखडा तीन वर्षांचा असतो. त्यात इयत्तावार पटाचा अंदाज, लागणारे शिक्षक, खोल्या, स्वच्छतागृहे आणि पैशाची गरज मांडायची असते. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि त्यापुढे नव्वदपर्यंत तीन, असे कायद्याचे मान आहे. तेव्हा पट नीट मोजला नाही तर मागणीच उभी राहत नाही. माती परीक्षण न करता खत टाकल्यासारखेच ते!

ऊसतोड मजुरांची मुले

आता मुख्य मुद्दा. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर या भागांतून टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. फडात सकाळी पाहिले तर नऊ-दहा वर्षांची पोर तान्ह्या भावाला सांभाळत बसलेली दिसते. पूर्वी काही कारखान्यांवर स्वयंसेवी संस्था साखरशाळा चालवीत. कायदा आल्यावर अशा मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेतच दाखल करावे, असे धोरण झाले. परंतु शाळेत पोचवणार कोण? आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात.

येथे आपली समिती उपयोगी पडते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मूल अडवता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले तरी घ्यावेच लागते, आणि तेही वयानुरूप वर्गात. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. म्हणजे आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नाही.

समितीने एवढे करावे :

१. टोळ्या उतरल्या, की पहिल्या आठवड्यात कोपीवर जाऊन सहा ते चौदा वर्षांची मुले मोजावीत. कोणती टोळी कोठे उतरली, ते आमच्या गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे कळते.

२. मुकादमास भेटून मुलांची नावे व मूळ शाळा लिहून घ्यावी आणि यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी.

३. गाडीतळ शाळेपासून लांब असेल तर मुलांच्या ने-आणीची सोय व्हावी, असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

४. या मुलांचा आकडा पुढील आराखड्यात धरावा. टोळ्या दरसाल येतातच.

५. हंगाम संपताना मुलाच्या शिक्षणाची नोंद असलेला कागद आईबापांच्या हाती द्यावा, म्हणजे गावी त्याचे वर्ष वाया जात नाही.

तान्ही भावंडे कोण सांभाळणार, हा प्रश्न उरतोच. तो सुटला नाही तर थोरल्या पोरीचे नाव फक्त पटावर राहील. त्यासाठी गावच्या अंगणवाडीताईंना याच बैठकीस बोलवावे.

आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण टोळीची वाट पाहतो. त्याच टोळीतले मूल आपल्या मुलांशेजारी बाकावर बसावे, एवढी व्यवस्था प्रत्येक गावाने या हंगामात करावी. त्यासाठी समितीची पुढची बैठक केव्हा आहे, ते मुख्याध्यापकांना आजच विचारावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग