विक्रमशहांची बाजू

सुरतेच्या पहिल्या लुटीची गोष्ट निघाली की जव्हारकर शिरपामाळाचं नाव घेतात. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेकडे निघाले, तेव्हा जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांना या माळावर भेटले आणि त्यांनी मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी इथली परंपरा आहे. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. आठच वर्षांनी, जून 1672 मध्ये, महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकलं. 17 लाखांचा खजिना त्यांच्या हाती लागला आणि विक्रमशहा मोगलांच्या आश्रयाला गेले.

मित्र शत्रूकडे गेला, म्हणजे फितूर झाला, असा निकाल आपण लगेच देतो. तो मला मान्य नाही.

जव्हारजवळच्या दाभोशाला लेंढी नदी सुमारे 300 फूट खाली कोसळते. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की या राज्याचं बळ कशात होतं ते दिसतं: खोल दऱ्या, दाट रान आणि मोजक्या वाटा. जव्हारच्या निमशहांना दिल्लीच्या सुलतानाने 1343 मध्ये राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून कोळी राजांचं हे घराणं आजूबाजूच्या बलाढ्य सत्तांशी कधी जुळवून घेत, कधी झुंजत टिकलं होतं. शिरपामाळावरची भेटही त्याच रीतीतली होती. विक्रमशहांनी मैत्री केली होती, राज्य सोडलं नव्हतं.

पण 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली, 1672 च्या आरंभी साल्हेरला मोगलांचा मोठा पराभव झाला आणि स्वराज्याची गरज बदलली. आता सुरतेची वाट कुणाच्या मैत्रीवर सोडून चालणार नव्हतं. जव्हारपाठोपाठ शेजारचं रामनगरचं राज्यही पडलं. रामनगरच्या राजाला दमणच्या पोर्तुगीज गावांतून चौथाई मिळत असे. रामनगर घेतल्यावर त्या चौथाईवर महाराजांनी हक्क सांगितला. मोरोपंतांनी तर थेट सुरतेकडेच 4 लाखांची मागणी केली. मोहिमेचा हिशेब अचूक होता. त्यात जव्हारच्या राजाला जागा उरली नव्हती, एवढंच.

विक्रमशहा मोगलांकडे गेले, तसा इंग्लंडमध्ये राजा जॉनविरुद्ध उठलेल्या सरदारांनीही परक्याचाच आधार घेतला होता. जून 1215 मध्ये रनीमीडला जॉनने त्यांच्या हक्कांची सनद मान्य केली, पण ऑगस्टमध्ये पोपने ती रद्द ठरवली आणि युद्ध पेटलं. सरदारांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई याला बोलावलं आणि त्याने लंडन गाठलं. ऑक्टोबर 1216 मध्ये जॉन मेला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या, हेन्रीच्या, नावाने कारभार पाहणाऱ्या विल्यम मार्शलने सनद पुन्हा जाहीर केली. पुढच्या वर्षी लिंकनला बंडखोर हरले, लुई परतला आणि सरदारांना त्यांच्या जमिनी परत मिळाल्या. परक्या राजपुत्राला घरात आणणाऱ्या त्या सरदारांचं नाव आज जग सनदेमुळे आदराने घेतं. विक्रमशहांच्या बाजूने बोलणारा असा एखादा कागद नाही. म्हणून त्यांची बाजू आपणच समजून घ्यायला हवी.

पुढे मराठी सत्तेने जव्हारचा बराच मुलूख घेतला, तरी मुकण्यांची गादी टिकली. 1948 मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. महाराजांच्या थोरवीला 1672 सांगितल्याने काही उणेपण येत नाही. शिरपामाळावर मुलांना घेऊन जाल, तेव्हा 1664 ची भेट सांगा आणि आठ वर्षांनंतरची मोरोपंतांची स्वारीही सांगा.