धक्का आणि दगा

कादंबरी वाचता वाचता एखादा शहाणासुरता माणूस हातातले पुस्तक भिंतीवर भिरकावतो आणि घटकाभराने उठून तेच पुस्तक पुन्हा उचलून घेतो, हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. परंतु जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन लेखकाच्या 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अद्भुत कादंबरीतील एका प्रकरणाशी आपण असेच केले, असे सांगणारे वाचक पुष्कळ आहेत. 'यापुढे तुमचे पुस्तक हाती धरणार नाही' अशा आशयाची पत्रे आपल्याला आल्याचे मार्टिननेही सांगितले आहे. या रागाचे मूळ कशात आहे, आणि तो राग न्याय्य आहे काय, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारार्थ घेतला आहे.

आधी प्रसंग पाहू. रॉब स्टार्क हा सोळा वर्षांचा तरुण राजा एकही लढाई हरलेला नाही. नदीवरचा पूल मिळावा म्हणून त्याने वॉल्डर फ्रे या म्हाताऱ्या सरदाराला वचन दिले होते, की तुमच्या घरातल्या मुलीशी मी लग्न करीन. पुढे त्याने ते मोडले आणि दुसरीशीच लग्न केले. भरपाई म्हणून आता रॉबचा मामा फ्रेच्या मुलीशी विवाह करणार आहे, आणि रॉब आपली आई कॅटलिन हिच्यासह लग्नाला आला आहे. मेजवानी रंगात येते, नवरा-नवरीला वाजतगाजत शयनगृहाकडे नेतात, आणि सज्जातले वादक वाद्ये टाकून धनुष्ये उचलतात. राजा, त्याची आई आणि त्याचे सोबती भर मांडवात मारले जातात. वाचक या प्रसंगाला 'रेड वेडिंग', म्हणजे रक्तविवाह, या नावाने ओळखतात.

माणसे मेली एवढ्याने वाचक हबकला नसता. युद्धाच्या कथेत माणसे मरतातच. इथे मोडला तो अतिथिधर्म. त्या कल्पित देशात यजमानाच्या घरी पाहुण्याने भाकरी आणि मीठ खाल्ले, की दोघांनीही एकमेकांच्या जिवाला अपाय करायचा नाही, असा देवाधर्माचा दंडक आहे. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचे ते खाणाऱ्याने. तिथे ते वाढणाऱ्यालाही बांधते. म्हणूनच पोचताच आधी भाकरी-मीठ मागून घे, असे कॅटलिन मुलाला बजावते. तो मागतो, त्याला ते मिळते, आणि त्याच्याबरोबर वाचकही निर्धास्त होतो.

वाचक निर्धास्त होण्याला आणखी एक कारण आहे. या मालिकेच्या पहिल्या, १९९६ सालच्या कादंबरीत रॉबचा बाप, ज्याला सारे कथानायक समजत होते, त्याचा शिरच्छेद झाला होता. त्या दुःखातून सावरताना वाचकाने मनाशी एक हिशेब मांडला, की आता मुलगा बापाचा सूड घेणार. हा हिशेब लेखकाने कुठेही लिहून दिलेला नव्हता. शेकडो कथा वाचून अंगी बाणलेल्या सवयीने तो मांडला होता. वाचक असेच धरून चालतील हे ओळखून आपण मुलालाही मारले, असे मार्टिनने पुढे सांगितले.

मग हा वाचकाशी दगा झाला काय? आमच्या मते धक्का आणि दगा यांत फरक केला पाहिजे. ज्याची पूर्वतयारी कथेत नाही, ते एकाएकी घडवून आणणे हा दगा. ज्याच्या खुणा डोळ्यांसमोर असूनही आपण पाहिल्या नाहीत, ते घडणे हा धक्का. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या ग्रंथात हेच सांगितले आहे, की घटना अनपेक्षित असाव्यात आणि तरीही एकीतून दुसरी निघालेली असावी. परिणाम तेव्हाच उत्तम साधतो. या कसोटीवर हे प्रकरण घासून पाहावे. वचनभंग उघड आहे. अपमान गिळणाऱ्यांतला फ्रे नव्हे, हेही ठाऊक आहे. रॉबचा पाळलेला लांडगा फ्रे मंडळींना पाहताच गुरगुरतो. १९९८ सालच्या आधीच्या भागात तर एका राणीला मायावी वाड्यात प्रेतांची पंगत दिसते, आणि तिथे लांडग्याचे मस्तक असलेला मृत राजा सिंहासनावर बसलेला असतो. अखेरीस कॅटलिन एका फ्रेचा दंड धरते, तेव्हा रेशमी बाहीखाली तिच्या हाताला चिलखताच्या कड्या लागतात. तिला जे त्या क्षणी कळते ते वाचकालाही त्याच क्षणी कळते, कारण ते प्रकरण तिच्याच दृष्टीतून लिहिले आहे. पुन्हा वाचणाऱ्याला या खुणा पानोपानी भेटतात, आणि त्याचा राग हळूहळू स्वतःकडे वळतो.

अद्भुत कथेत इतके क्रौर्य कशाला, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मार्टिनने स्कॉटलंडमधील दोन घटनांचा आधार सांगितला आहे. १४४० साली एडिंबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्याच्या तरुण अर्लला आणि त्याच्या भावाला बालराजाच्या पंगतीला बोलावून ठार करण्यात आले. १६९२ साली ग्लेन्कोच्या खोऱ्यात सुमारे बारा दिवस पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनीच पहाटे यजमानांची कत्तल केली. स्कॉटलंडच्या कायद्यात तर विश्वास देऊन केलेला खून हा वेगळा, अधिक भयंकर गुन्हा मानला गेला होता.

२ जून २०१३ रोजी हा प्रसंग दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा ज्यांनी पुस्तक वाचले होते त्यांनी न वाचलेल्या घरच्यांचे आणि मित्रांचे चेहरे टिपून ठेवले: कोणी तोंडावर हात घेतलेले, कोणी ओरडणारे, कोणी रडणारे. शेजारी बसलेल्या माणसाला पुढे काय येणार हे ठाऊक होते, आणि त्याने ते ओठांवर येऊ दिले नव्हते. आपण जे सोसले ते यानेही अनघड सोसावे, ही त्यात थोडी खोडी होती, आणि वाङ्मयावरचे प्रेमही होते.

हे प्रकरण लिहिणे मार्टिनलाही जड गेले. बाकीचे पुस्तक संपवून अगदी शेवटी आपण ते लिहिले, असे तो सांगतो. कल्पित माणसासाठी लेखकाचा हात अडखळावा आणि वाचकाने पुस्तक फेकावे, ही एकाच नात्याची दोन टोके आहेत. फ्रेने पाहुण्यांचे मीठ मोडले. लेखकाने मात्र वाचकाचे मोडलेले नाही. फेकलेले पुस्तक वाचक पुन्हा उचलतो, ते बहुधा यामुळेच.