चालून जाळलेल्या कॅलरी परत खायच्या का?

वजन कमी करायचं ठरवलं की आपल्या घरांमध्ये दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. सकाळचं चालणं आणि ताटातली काटछाट. आठ-दहा दिवस उत्साहात जातात. मग एक प्रश्न येतो, आणि तो कामठ्यातल्या चहाच्या टपरीवरही येतो, गोंदियाच्या दवाखान्यातही येतो. "आज एवढं चाललो, मग थोडं जास्त खाल्लं तर काय बिघडलं?" मोबाईलवर ॲप असेल तर तेच सांगतं की आज तुम्ही 300 कॅलरी जाळल्या, म्हणजे आज 300 कॅलरी जास्त खायला हरकत नाही.

ही परवानगी खरी मानायची का? आमचं उत्तर असं आहे: वजन उतरवायला निघालेल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाने सगळ्या परत खाऊ नयेत. पण शेतात राबणाऱ्या बाईने, भरतीची तयारी करणाऱ्या पोराने आणि साखरेचं औषध घेणाऱ्या पेशंटने हाच नियम डोळे झाकून लावला तर नुकसान होईल. म्हणून आधी हिशेब समजून घेऊ.

एका चालण्याची किंमत किती?

70 किलो वजनाची एखादी बाई 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालली, तर तिच्या शरीरात सव्वादोनशे ते अडीचशे कॅलरी खर्च होतात. आकडा मोठा वाटतो. पण ती त्या 45 मिनिटांत घरी नुसती बसून असती, तरी श्वास, हृदय, मेंदू यांच्यावर पन्नासेक कॅलरी गेल्याच असत्या. त्या वजा केल्या की चालण्याची खरी कमाई 180 च्या आसपास राहते. रमतगमत, गप्पा मारत चाललं तर त्याहून कमी.

आता ताटाकडे बघा. हॉटेलातला एक मोठा समोसा अडीचशेच्या घरात जातो. दूध-साखर घालून उकळलेला एक कप चहा 80 ते 100. भाजीत जास्तीचा पडलेला मोठा चमचाभर तेल साधारण 120. वाटीभर शिजलेला भात दोनशेच्या जवळ. म्हणजे पाऊण तास चालून जे कमावलं ते टपरीवर पाच मिनिटांत परत जातं, वर थोडं कर्जही होतं.

महिन्याचा हिशेब तर अजून स्पष्ट आहे. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी. रोजचे 180 धरले तर महिन्याला 5400, म्हणजे जेमतेम पाऊण किलो. ते सगळं परत खाल्लं तर चालण्यामुळे उतरणारं वजन शून्य. अर्धं परत खाल्लं तर साडेतीनशे ग्रॅम. "रोज चालतो तरी काटा हलत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

एकच व्यायाम दोनदा मोजला जातो

दुसरी गडबड हिशेबाच्या पद्धतीत आहे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांना रोज किती ऊर्जा लागते त्याचे आकडे देते. 2020 च्या तक्त्यात 55 किलोच्या बाईसाठी बैठं काम असेल तर 1660 कॅलरी, मध्यम कष्ट असतील तर 2130 आणि जड कष्ट असतील तर 2720 धरल्या आहेत. 65 किलोच्या पुरुषासाठी हेच आकडे 2110, 2710 आणि 3470 आहेत.

ॲपमध्ये नाव नोंदवताना तुम्ही "मध्यम हालचाल" निवडली, तर तुमचं चालणं त्या आकड्यात आधीच धरलेलं असतं. वर पुन्हा "आज 300 जाळल्या" म्हणून खाल्लं, की एकाच व्यायामाचं खाणं दोनदा झालं. दुकानाच्या वहीत एकच उधारी दोनदा लिहिल्यासारखं हे आहे.

अजून एक गोष्ट बघा. बाईच्या बैठ्या आणि मध्यम आकड्यांत 470 कॅलरींचा फरक आहे. सकाळच्या चालण्याची खरी कमाई 180. म्हणजे पाऊण तास चाललं आणि उरलेला दिवस गल्ल्यावर, शिलाई मशीनवर किंवा टीव्हीसमोर बसून काढला, तर आपण "मध्यम" गटात जात नाही. ॲपमध्ये "बैठं काम" हेच निवडायचं आणि व्यायाम वेगळा धरायचा, हे जास्त खरं.

मनगटावरच्या घड्याळावर किती भरवसा?

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये सात प्रकारचे मनगटी पट्टे आणि घड्याळं 60 लोकांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. कॅलरींत मात्र सगळी घसरली. त्यातल्या सर्वांत चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के होती, सर्वांत वाईटाची 93 टक्के. त्यामुळे घड्याळाच्या आकड्यावर ताट वाढवणं म्हणजे बिघडलेल्या तराजूवर किराणा घेणं आहे. पावलं मोजायला, आळस घालवायला ते जरूर वापरा. पण किती खायचं हे त्याला विचारू नका.

शरीर स्वतःही काटकसर करतं

सकाळी जोरात व्यायाम झाला की दुपारी आपण नकळत जास्त बसतो, लवकर आडवे होतो, जिना टाळतो. भूकही थोडी वाढते. हर्मन पाँट्झर या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. हे लोक शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर पायी फिरतात. तरी शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर त्यांचा एकूण खर्च खुर्चीवर बसणाऱ्या अमेरिकन-युरोपीय लोकांपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

म्हणून व्यायाम फुकट गेला असं समजू नका. वजन मुख्यतः ताटातून उतरतं. चालण्याचं काम साखर, रक्तदाब, गुडघे, झोप आणि मन सांभाळणं हे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यूडकिन यांचं एक उदाहरण 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. आपल्या लोकांत बारीक दिसणाऱ्यांच्या पोटातही चरबी लपलेली असते. त्यामुळे वजनकाट्यासोबत टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बाईची 80 च्या आत असावी.

दीक्षित म्हणा की दिवेकर, चालणं बिदागीसाठी नाही

महाराष्ट्रात 2018 च्या सुमारास घराघरांत वाद रंगला होता, दीक्षित की दिवेकर? नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेली पद्धत साधी आहे: कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. ऋजुता दिवेकर मात्र घरचं, आपल्या भागातलं अन्न थोडं थोडं, भूक ओळखून खा असं सांगतात. दोघांचे रस्ते वेगळे, तरी एका गोष्टीत दोघं एकत्र येतात. कुणीच कॅलरीची वही ठेवायला सांगत नाही. चालणं हे रोजचं काम आहे, त्याची मजुरी संध्याकाळी ताटात मागायची नाही.

मग कुणी परत खायचं?

*शेतात राबणाऱ्यांनी.* आपला गोंदिया धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत सकाळपासून बांधीत वाकून परे लावणारी बाई जड कष्टाच्या गटात येते. तिला 2720 च्या आसपास ऊर्जा हवी. तिला "भात कमी खा" म्हणणं अन्याय आहे. उलट भातासोबत वरण, अंडी, मासळी, भाजी वाढली पाहिजे. धोका रोवणी संपल्यावर असतो. काम थांबतं, ताट मात्र तेवढंच राहतं.

*भरतीच्या पोरांनी.* पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावणारी मुलं आणि 800 मीटर धावणाऱ्या मुली डाएटवर नाहीत. त्यांचं अंग अजून भरतंय. त्यांनी पोटभर खावं. धावून आल्यावर केळी, अंडी, भिजवलेले चणे, दूध हवंच. काही मुली बारीक होण्यासाठी धावतातही आणि जेवणही सोडतात. चक्कर येणं, केस गळणं, पाळी लांबणं किंवा बंद होणं ही त्याची लक्षणं. अम्मींनी याकडे "वय आहे, होईल ठीक" म्हणून दुर्लक्ष करू नये. आधी जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

*गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी.* पोषण संस्थेच्या तक्त्यात गरोदरपणात रोज 350 आणि बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांत रोज 600 कॅलरी जास्त धरल्या आहेत. हा काळ वजन उतरवण्याचा नाही.

*साखरेचं औषध घेणाऱ्यांनी.* इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि उपाशीपोटी जोरात चाललं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. थरथर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा. साखर 70 च्या खाली असेल किंवा मोजायची सोय नसेल, तर लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. चालणं वाढवायच्या आधी गोळीचा डोस डॉक्टरांशी बोलून घ्यावा. इथे डाएटपेक्षा जीव महत्त्वाचा.

रमजानमध्ये काय?

रोजा असतानाही महिनाअखेर वजन वाढलं, हे अनेक घरांत ऐकू येतं. कारण तेच, मनातला हिशेब. "दिवसभर काही खाल्लं नाही" म्हणून इफ्तारीला भजी, समोसे, शरबत. "तरावीह पढली" म्हणून रात्री पुन्हा बिर्याणी. नमाज इबादत आहे, तिला कॅलरीच्या वहीत लिहू नये. रोजा खजूर आणि पाण्याने सोडावा. छोटा खजूर 20-25 कॅलरींचा असतो, दोन-तीन पुरेत. मग फळं, चणे आणि साधं जेवण. तळलेलं रोज न करता आठवड्यातून एकदा. चालायचं असेल तर इफ्तारीनंतर तासाभराने हलकं चाला. विदर्भाच्या उन्हात रोज्याने दुपारी व्यायाम करू नये. डायबिटीसवाल्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा ठरवाव्यात.

घरी लावता येईल असा नियम

- रोज पाऊण तास चालणं असेल तर जास्तीचं काही खाऊ नका. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालेल.
- तासाभरापेक्षा जास्त दमवणारा व्यायाम झाला, जसं सायकल, फुटबॉल, जड वजनं, तर घड्याळ दाखवतं त्याच्या अर्ध्यापर्यंत खा. हा प्रयोगशाळेतला कायदा नाही, व्यवहारातला आडाखा आहे. घड्याळाची चूक आणि आपली भूक दोन्ही त्यात सांभाळली जातात.
- परत खायचं ते कामाचं खा. एका अंड्यात 70 ते 75 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. चणे, डाळ, दही, मासळी यांनी पोटही भरतं. बिस्किटं आणि फरसाण हे व्यायामानंतरचं खाणं नाही.
- आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर वजन बघा. तीन-चार आठवडे काटा तसाच राहिला तर ताटातून थोडं कमी करा. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरत असेल, थकवा येत असेल, झोप बिघडली असेल, तर खाणं वाढवा.
- खरी भूक आणि "आज मी कमावलंय" ही भावना वेगवेगळी ओळखा. वरण-भातही चालेल असं वाटलं तर ती भूक. फक्त समोसाच हवा असेल तर ती भूक नाही.

आपल्या घरांत पाहुणचार ताटातूनच होतो, आणि तो तसाच राहावा. ईदचं, निकाहाचं एखादं जेवण कुणाचं वजन बिघडवत नाही. बिघडवते ती रोजची छोटी सूट, जी आपण चालण्याच्या नावावर स्वतःला देतो. अब्बूंना शुगर आहे म्हणून त्यांना एकट्याला चालायला पाठवू नका, घरातल्या कुणी तरी सोबत जा. बायांना सकाळी बाहेर पडायला संकोच वाटत असेल तर दोघी-तिघींनी मिळून निघा. आणि परत आल्यावर नाश्ता नेहमीएवढाच वाढा.