चार चौकोनांचा कागद

रविवारी सकाळी दोन तरुण खेड्यातल्या एका घराच्या ओट्यावर येऊन टेकतात. सुटीचा दिवस मुद्दाम निवडलेला असतो, कारण त्या दिवशी मुलं घरी सापडतात. घरच्यांशी ओळखपाळख झाली की मुलाला जवळ बसवून त्याच्यापुढे एक कागद धरतात. कागदावर चार चौकोन. एकात सुटी अक्षरं, दुसऱ्यात सोपे शब्द, तिसऱ्यात पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि चौथ्यात दुसरीच्या पुस्तकात शोभेल अशी छोटी गोष्ट.

वाचनाची सुरुवात उताऱ्यापासून होते. मुलानं तो सरळ वाचला तर त्याला गोष्ट द्यायची, अडखळलं तर शब्दांकडे यायचं. पाचांपैकी निदान चार शब्द जमले नाहीत तर अक्षरं विचारायची. मूल जिथवर सहज पोचतं, तो चौकोन नोंदवायचा. तिसरीतली मुलगी असो की आठवीतला मुलगा, कागद तोच. कुणी रागवत नाही, कुणाला नापास करत नाही.

ही ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी होणारी पाहणी. २००५ साली ती सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं असा तिचा हिशेब. २०२४ मध्ये ती ६०५ ग्रामीण जिल्ह्यांत झाली आणि साडेसहा लाखांच्या आसपास मुलांपर्यंत पोचली. घरोघर फिरणारी माणसं बहुतांशी त्या त्या जिल्ह्यातलीच: महाविद्यालयांचे विद्यार्थी, शिक्षक होऊ पाहणारी मुलंमुली, स्थानिक संस्थांचे कार्यकर्ते. त्यांच्या पायपिटीतून कळलं की सरकारी शाळांत पाचवीत बसणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकतात. निम्म्याहून अधिक मुलं रोज शाळेत जातात, फळ्यावरचं वहीत उतरवतात, आणि दुसरीच्या पातळीचा मजकूर त्यांना वाचता येत नाही. हा आकडा वाचून पुढच्या पानावर जाणं कठीण आहे.

‘असर’मागची संस्था म्हणजे ‘प्रथम’. तिचं मूळ मुंबईच्या वस्त्यांत आहे. रसायनशास्त्राचे प्राध्यापक माधव चव्हाण साक्षरता अभियानाच्या निमित्तानं या वस्त्यांत काम करत होते. निर्मला निकेतन महाविद्यालयात फरीदा लांबे समाजकार्य शिकवत होत्या. युनिसेफ आणि महानगरपालिका यांना सोबत घेऊन १९९५च्या सुमारास या दोघांचं काम उभं राहिलं ते बालवाड्यांपासून. जागा भाड्यानं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जागा मागायचीच नाही असं ठरलं. वस्तीतल्या शिकलेल्या मुलीनं आसपासची वीसेक मुलं गोळा करायची आणि मिळेल तिथे बसायचं: स्वतःच्या खोलीत, देवळात, मंडळाच्या कार्यालयात. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत संसार कसा मांडलेला असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रोज सकाळी तो संसार आवरून वीस मुलांना बसायला जागा करून देणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर आली बालसखी. महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि जिथे गाडं अडलं तिथून शिकवायची. दहावी-बारावी झालेली, वस्तीतलीच तरुणी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधनावर. मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाचा अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर अभ्यास केला. बालसखी लाभलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते आणि सर्वात मागच्या मुलांना त्याचा सर्वाधिक फायदा झाला होता. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा ज्या प्रयोगांची आठवण निघाली, त्यांत हा एक होता. 

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात पुढची पायरी होती विनामोबदला स्वयंसेवकांची. पासष्ट गावांत चारशेहून अधिक तरुण उभे राहिले आणि शाळेबाहेर वाचनवर्ग घेऊ लागले. जी मुलं आली ती खरोखर शिकली. ज्यांना काहीच वाचता येत नव्हतं ती अक्षरं ओळखू लागली. अडचण वेगळीच निघाली. गावातल्या मुलांपैकी जेमतेम ८ टक्के मुलं या वर्गांना आली. दिवसभराच्या शाळेनंतर पुन्हा वर्गात जाऊन बसणं सगळ्यांना जमत नव्हतं. ‘प्रथम’नं हे लपवलं नाही; या प्रयोगावरच्या अभ्यासलेखात ‘प्रथम’च्याच रुक्मिणी बॅनर्जी सहलेखिका होत्या. स्वयंसेवकांची आस्था कमी पडली नव्हती, त्यांना मिळालेली वेळ चुकीची होती. पुढे उत्तर प्रदेशातच शाळेच्या वेळेत, शाळेच्याच आवारात दहा-वीस दिवसांची शिबिरं घेतली, तेव्हा तिसरी ते पाचवीची मुलं झपाट्यानं पुढे सरकली.

या शिबिरांची रीत साधी आहे. सुरुवातीला तोच चार चौकोनांचा कागद. मग इयत्ता बाजूला ठेवून अक्षरवाली मुलं एकीकडे, शब्दवाली दुसरीकडे, उतारा वाचणारी तिसरीकडे. चौथीतला मुलगा तिसरीतल्या मुलीशेजारी बसतो. भिंतीवर बाराखडीचा तक्ता. ‘क का कि की’ मोठ्यानं म्हणायचं, बोट ठेवून ओळखायचं, त्यातून शब्द जोडायचे. पण गोष्ट पहिल्या दिवसापासून असते. वाचता येत नसलं तरी मुलं ती ऐकतात, तिच्यावर बोलतात, जमिनीवर खडूनं त्यातलं काहीतरी लिहितात. गणितात दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा बांधला की दशक हातात धरता येतं. थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणावर गावातली बारावी झालेली मुलगी हे सगळं करू शकते. गरीब घरच्या मुलांसाठी आखलेल्या किती योजनांबद्दल असं म्हणता येईल?

महाराष्ट्रात आता हे काम आयांपर्यंत आलं आहे. शालेय शिक्षण विभागानं ‘प्रथम’च्या साथीनं ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान हाती घेतलं. उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेत मेळावा भरतो आणि पहिलीत येणारी मुलं एकेका टेबलापाशी थांबत जातात: कुठे उडी मारायची, कुठे चित्र पाहून बोलायचं, कुठे मोजायचं. मग शेजारपाजारच्या आयांचे छोटे गट जमतात. घरातल्याच वस्तूंनी मुलाशी काय खेळायचं ते कार्डांतून आणि मोबाइलवरून त्यांना कळतं. यातल्या कित्येक जणींची स्वतःची शाळा मध्येच सुटलेली. दारातल्या सावलीत त्या बसतात, एकजण वाचून दाखवते, बाकीच्या जणी आपापल्या मुलांना पुढ्यात घेतात. जूनमध्ये शाळा उघडली की दुसरा मेळावा असतो. पोरगं पुन्हा त्याच टेबलांपाशी उभं राहतं, आणि या वेळी त्याच्या मागे उभी असलेली आई ओठातल्या ओठात त्याच्याबरोबर मोजत असते.