चहा कोणता, अर्क कोणता?

पिंपळे सौदागर - पाणी, साखर, चहाची पूड आणि दूध पातेल्यात उकळले की चहा झाला, ही आपली घरोघरची रीत. मात्र सुटी पत्ती, 'ग्रीन टी' व फुलापानांच्या मिश्रणांना ती लागू पडत नाही. नाव एकच असले, तरी या वस्तू भिन्न आहेत.

खरा चहा 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच झुडपाचा. पाने चुरगळून हवेत काळवंडू दिली की काळा चहा होतो; उष्णता देऊन ती क्रिया थांबविली की हिरवा. घरातील दाणेदार 'सीटीसी' चहा रंग लवकर सोडतो, म्हणून दुधात खपतो. अखंड पत्ती सावकाश उलगडते. ती उकळल्यास टॅनिन अधिक उतरून चव तुरट होते.

गवती चहा, तुळस, जास्वंद यांचा या झुडपाशी संबंध नाही. अशा अर्कांच्या वेष्टनावर 'चहा' हा शब्द वापरता येणार नाही, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले. या तिन्हींत कॅफिन नसल्याने ते रात्रीही चालतात. तथापि 'हर्बल' म्हणजे निर्धोक नव्हे. अनेक मिश्रणांत असणारे ज्येष्ठमध अतिसेवनाने रक्तदाब वाढविते. रक्तदाबाच्या रुग्णांनी घटकांची यादी वाचावी.

असा करावा

* प्रमाण : एका कपास लहान चमचाभर, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम पत्ती.
* काळी पत्ती : उकळी येताच गॅस बंद करून पत्ती घालावी. तीन-चार मिनिटे झाकून गाळावी.
* हिरवी पत्ती : उकळलेले पाणी चार-पाच मिनिटे निवू द्यावे. सुमारे ८० अंशांवर दोन मिनिटे पुरेत.
* गवती चहा : उकळत्या पाण्यात पाने घालून पाच-सात मिनिटे झाकावे. सुगंध देणारे 'सिट्रल' वाफेबरोबर उडते.

पाण्याचाही यात वाटा आहे. पवनेच्या पाण्याला बोअरवेल वा टँकरची जोड देणाऱ्या सोसायट्यांत कोऱ्या चहावर कधी तवंग दिसतो. तो बहुधा जड पाण्यातील कॅल्शियममुळे येतो. दोष पत्तीचा नसतो. तेथे गाळलेले, कमी क्षारांचे पाणी वापरावे.

काळा असो वा हिरवा, चहा जेवणासोबत घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते. रक्तक्षय असणाऱ्यांनी जेवण व चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवणे हिताचे.