नगरची पहिली मंडळी

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले. पुढची अठरा वर्षे शाळा आणि छापखाना यांत गेली. बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे मांडले आणि १८३३ साली तिथे पहिली मंडळी स्थापन झाली.

हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. या पंथात बिशप नसतो. पाळक कोण असावा, सभासद कोणाला करावे, पैसा कसा खर्चावा, हे सारे मंडळीच ठरवते. वेल्समधल्या खेड्यांत अशाच स्वतंत्र मंडळ्यांची साधी प्रार्थनाघरे गावच्या जीवनाचे केंद्र बनली होती आणि तिथल्या रविवारच्या शाळेत मुलांबरोबर प्रौढही वाचायला शिकत. नगरकडेही धर्म आणि अक्षर बरोबरच आले. ज्याने त्याने शास्त्र स्वतः वाचायचे, तर आधी वाचता आले पाहिजे. मिशनच्या सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले प्रभावित झाले. १८४२ साली इथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले.

सत्ता मात्र लगेच मराठी हातांत आली नाही. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ मंडळीत आले. १८५४ साली त्यांना आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच मंडळीत महार आणि मांग समाजांतून आलेली माणसेही होती. एका पंगतीला, एकाच प्रभुभोजनाला बसणे ही त्या काळी उपदेशाहून कितीतरी अवघड गोष्ट होती. जात दारातच गळून पडली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; सोवळे सुटायला कवी नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनाही काही वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते जितक्या मिश्किलपणे सांगितले आहे तितके मिशनच्या अहवालांत कुठे सापडायचे नाही.

मंडळीचे खरे वैभव म्हणजे गाणे. आरंभी हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत गीते रचली. त्यांतली बरीच पाश्चात्त्य चालींवर बेतलेली. पुढे कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा बाज उचलला. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग सगळे ओळखीचे. कथा तेवढी येशूची. खेड्यातल्या श्रोत्याला हे प्रवचनापेक्षा जवळचे वाटले. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेऊन नगरला आले. तुकारामाच्या अभंगांवर पोसलेल्या या कवीच्या लेखणीतून आलेल्या गीतांनी उपासनेची भाषाच पालटली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची सुमारे अडीचशे गीते आहेत. वेल्सच्या प्रार्थनाघरांत चार आवाजांतले समूहगान वाढले; नगरकडे पेटी-तबल्यावरची भजने. चित्रपटांत कृष्ण आणि ज्ञानेश्वर साकारणारे शाहू मोडक नगरच्याच ख्रिस्ती घरातले, हेही या मातीला धरूनच आहे.

शहराबाहेर राहुरी, वडाळा अशी ठाणी वाढली. वडाळ्याचे सॅम्युअल फेअरबँक उपदेशाइतकेच पक्षिनिरीक्षणात रमत. दक्षिणेतल्या पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी सारे बदलले. अनाथ मुले, उपाशी कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली आणि मंडळ्या फुगल्या. ‘दुष्काळी ख्रिस्ती’ हा टोमणा मग पुष्कळ वर्षे ऐकावा लागला. आश्रयाला आलेल्यांची मुले मिशनच्या शाळांत शिकून शिक्षक, परिचारिका झाली, याचा टोमणा मारणाऱ्यांना विसर पडला.

टिळकांना मिशनची परदेशी चौकट पुढे जाचू लागली. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांची मंडळी उभी केली. १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने तो प्रयोग अर्धा राहिला. मंडळ्यांचे एकीकरण दुसऱ्या वाटेने झाले: १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकवटल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात बिशपचे पदही आले.